वाद घाला, पण 'री' सोडू नका

मार्च 2018 ची गोष्ट. कर्नाटक सरकारनं लिंगायतांना वेगळ्या धर्माची मान्यता द्या म्हणून केंद्राला शिफारस केलेली आणि आमच्या बेळगावात चहाच्या गाड्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडं तोच एक विषय. मी शहापूरला मित्राच्या घरी गेलेलो, त्याचे वडील पूजा आटपून बाहेर येऊन बसलेले, आणि मला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे, मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्यांना सांगून टाकलं, निम्दु ब्यारे धर्म अल्ल. म्हंजे तुमचा काही वेगळा धर्म नाही. काका काहीच बोलले नाहीत. चहाचा कप माझ्याकडं सरकवला, पेपर उघडला आणि तो पेपर मी उठेपर्यंत काही खाली आला नाही.

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, तुझं मत काय असेल ते असूदे रे, पण बाबांच्या तोंडावर नुसतं 'अल्ल' काय म्हणतोस, 'अल्लरी' तरी म्हणायचंस.

बेळगावच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. आपल्याकडच्या कन्नडमध्ये मोठ्या माणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी 'री' लावतात. हौदु म्हंजे हो, हौद्री म्हंजे होय हो. अल्ल म्हंजे नाही, अल्लरी म्हंजे तसं नाही हो. एवढुसं अक्षर, पण ते गेलं की तेच वाक्य थोबाडीत मारल्यासारखं लागतंय. त्या दिवसापासून मी धर्मावर बोलताना एकच गोष्ट बघतोय, वाक्यात 'री' आहे का. मराठीत बोलत असलो तरी. वाद घालू नका असं मी म्हणत नाही, वाद घालण्यात आपल्याला मजा येते हे काय लपवायचं. पण कसा घालायचा, ते चुकत चुकत जेवढं कळलं तेवढं लिहितोय.

सुरुवात आपल्या कानापासून करायची. आपल्या भागात निम्मे वाद परक्या भाषेत होतात. कन्नडवाला मराठीत बोलतोय, मराठीवाला कन्नडमध्ये, तिसरा आपल्या दखनी उर्दूत. परक्या भाषेत माणसाकडं शब्द कमी असतात, नरमाईचे तर सगळ्यात कमी, म्हणून तो बोलतो ते असतंय त्यापेक्षा कडक वाटतंय. एखादा तुमच्याशी 'तू'वर आला, किंवा "तुमचा देव असा का" असं सरळ विचारलं, तर आधी समजा की व्याकरण चुकलंय. बऱ्याचदा तेवढंच असतं. खात्री करायची असेल तर त्याच्या भाषेत त्याला परत सांगायला सांगा, स्वतःच्या भाषेत तोच माणूस एकदम मऊ बोलतो.

दुसरं म्हणजे वाद नक्की कशावर चाललाय ते ठरवा, कारण धर्माच्या नावाखाली आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात शिजवतो. उदाहरण लाऊडस्पीकरचं घ्या. रात्री आवाजाचा त्रास होतोय, ही तक्रार आहे. त्यात देव कुठं आला? रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे आणि तो बांगेला, भजनाला, मिरवणुकीतल्या डॉल्बीला, सगळ्यांना सारखाच. मग सरळ आवाजाबद्दल आणि वेळेबद्दल बोला, आणि बोलण्याआधी आपल्या मंडळाचा डॉल्बी मागच्या वर्षी किती वाजता बंद झाला ते आठवा (आमचा किती वाजता झाला ते मी इथं लिहिणार नाही). पण "ह्या लोकांना शांतता कळतच नाही" असं म्हणालात की तक्रार बाजूला राहिली आणि तुम्ही आख्ख्या समाजाशी भांडायला लागलात.

लिंगायत वेगळे का हिंदू, हा वाद तसा नाही. हा दुसऱ्यानं स्वतःला काय म्हणवून घ्यायचं त्याचा वाद आहे. कायद्यात काय लिहायचं ते सरकार आणि कोर्ट बघतील, पुढं केंद्रानं ती शिफारस मान्य केली नाही ते पण सगळ्यांना माहीत आहे. पण समोर बसलेला माणूस लहानपणापासून रोज हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतोय आणि मी चार फॉरवर्ड वाचून त्यालाच सांगतोय की तू कोण आहेस. गंमत म्हणजे लिंगायतांमध्येच ह्यावर दोन्ही बाजूचे लोक आहेत, काका कुठल्या बाजूचे होते ते मी विचारलंच नव्हतं! अशा वेळी आपलं मत असलं तरी पहिलं वाक्य प्रश्नाचं हवं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि मग गप्प बसायचं. ह्यातलं गप्प बसायचं हेच अवघड जातं.

विचारताना आणखी एक. "तुमच्यात असं का करतात?" हा आपला आवडता प्रश्न, आणि सगळ्यात वाईट प्रश्न. 'तुमच्यात' म्हटलं की समोरचा एकदम आख्ख्या जातीचा, धर्माचा वकील होऊन बसतो, त्याला स्वतःला न पटणाऱ्या गोष्टीची पण बाजू घ्यावी लागते. त्यापेक्षा "तुझ्या घरी कसं करतात?" असं विचारा. माझा एक जैन मित्र आहे, चिकोडीकडचा, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवतो. मी कितीतरी वर्षं लोकांना छातीठोक सांगत होतो की पूर्वी दिवे नव्हते ना, म्हणून ती पद्धत. एकदा त्याला नीट विचारलं तर म्हणाला, "दिव्यावर किडे येतात, जेवणात पडतात, अंधारात जीव मारले जातात, म्हणून आमच्यात नको म्हणतात. पण खरं सांगू, माझी आजी करायची म्हणून मी करतो." आता ह्यात खोडून काढायला काय आहे? आजीला कोण खोडणार.

त्याच मित्रानं मला किल्ल्यातली कमल बसदी, म्हंजे जैन देऊळ, नीट दाखवली. आपण बेळगावचे लोक पाहुणे आले तरच किल्ल्यात जातो. 1204 च्या सुमाराची, रट्ट राजांच्या काळातली, आत नेमिनाथांची मूर्ती, आणि मंडपाच्या छतात दगडाचं कमळ, त्याला 72 पाकळ्या. मागच्या, आताच्या आणि पुढच्या काळाचे 24-24 तीर्थंकर, असे 72. तिथं उभं राहून तो मला स्याद्वाद समजावत होता, की कुठलंही विधान करताना आधी 'स्यात्' धरायचं, म्हंजे 'एका बाजूनं बघितलं तर'. वाटेल तेव्हा पलटी मारायला ही सोय नाही हं, कुठल्या बाजूनं बघून बोलतोय ते सांगायची जबाबदारी आहे. तेव्हापासून मी मुद्दाम तशी वाक्यं करतो. "मूर्तिपूजा चूक आहे" ह्याच्या जागी "तुम्ही मानता तसा निराकार देव धरला तर मूर्ती कशाला, हे मला कळतंय, पण माझ्या बाजूनं बघितलं तर मला डोळ्यासमोर काहीतरी लागतंय." वाक्य लांब होतं, मान्य. लांब वाक्य बोलताना आवाज चढवता येत नाही, हा फायदा. त्याच किल्ल्यात बसदीपासून जवळच साफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रम पण, त्यामुळं समोरच्या बाजूनं बघायची प्रॅक्टिस करायला लांब जावं लागत नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. आपण आपल्यातला संत आणि त्यांच्यातला गुंड अशी तुलना करतो. आपल्या बाजूला तुकोबा आणि त्यांच्या बाजूला टीव्हीवर दिसलेला कुणीतरी भडक माणूस. तुलना करायचीच तर संताची संताशी, गुंडाची गुंडाशी. मी हे एका बकरी ईदला शिकलो. एका मुसलमान मित्राला मी कुर्बानीवरून ऐकवत होतो, मुक्या जनावराचं काय, देवाला रक्त कशाला लागतंय वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या घरी तर मटणाचे तीन वाटे होतात, एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबाचा. तुमच्या गावच्या लक्ष्मीच्या जत्रेला मी आलेलो की रे, तेव्हा तू ताट वाढत होतास, बोकड कुठून आलेलं?" आणि तिथं मला समजलं की लक्ष्मीला बकरं का देतात ते मला सांगता येत नाही. लहानपणापासून जत्रेला जातोय, पण का, ते कधी विचारलेलं नाही. देवळात आणि देवळाच्या आवारात पशुबळीला आपल्या राज्यात 1959 च्या कायद्यानं बंदी आहे हे पण मला त्याच्यानंतर कळलं. तेव्हा दुसऱ्याच्या सणावर बोलण्याआधी आपल्याच घरातल्या तीन पद्धतींचं कारण सांगता येतंय का बघा. मला एकाचं पण आलं नाही.

चिडायचं नाही कसं, ह्याला माझ्याकडं उपाय नाही, मी चिडतो. पण रिसालदार गल्लीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर 1892 मध्ये विवेकानंद बेळगावला आलेले, अमेरिकेला जायच्या आधी, आणि भाटे वकिलांच्या घरी उतरलेले. घरात रोज गावातली शिकलेली मंडळी जमायची आणि वाद रंगायचा. त्यात एक इंजिनिअर होते, धर्म म्हंजे नुसती सवय म्हणणारे, चांगले वाचलेले. स्वामींपुढं त्यांचं चालेना तसे ते चिडले, उद्धट बोलले. भाट्यांना वाईट वाटलं, घरी आलेल्या पाहुण्याला असं बोलायचं म्हणजे काय, पण स्वामी हसले आणि मला काही वाटलं नाही म्हणाले. भाट्यांच्या मुलानं पुढं ही आठवण लिहून ठेवली. त्यात स्वामींनी घोडा शिकवणाऱ्याचा दाखला दिलाय, की तो आधी फक्त पाठीवर बसायला जागा मिळवतो, जोर लावायचा तो नंतर आणि लागेल तेवढाच. मी उलटं करतो, लांबूनच चाबूक.

जागा आणि वेळ बघायची हे सांगायला नको, तरी सांगतो कारण लोक विसरतात. मयताच्या घरी आत्मा आहे का नाही हा विषय काढणारे मी बघितलेत. जेवणाच्या ताटावर नको. त्याची मुलं समोर बसलीत तेव्हा नको, मुलांसमोर बाप हरत नसतो. जमलं तर त्याच्या घरी जाऊन बोला, पाहुणा म्हणून गेलेला माणूस आपसूक दोन पायऱ्या खाली बोलतो. गांधीजी ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आपल्या टिळकवाडीतलं, डिसेंबर 1924 चं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोहाटच्या दंग्यानंतर हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी त्यांनी 21 दिवसांचा उपास सुरू केला तो दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी. त्या अधिवेशनासाठी खणलेल्या काँग्रेस विहिरीच्या बाजूनं जाताना मला त्यांचं भाषण नाही, तो उपासाचा पत्ता आठवतो.

व्हॉट्सॲपवर मात्र वाद घालूच नका, तिथं 'री' टाइप केलं तरी ऐकू येत नाही. गल्लीच्या ग्रुपवर कुणी काही वाईट टाकलं तर ग्रुपवर उत्तर न देता त्याला फोन लावा, "दादा, ते काढून टाक की" एवढंच. चारशे लोकांसमोर माघार कोणी घेत नाही, एकट्यात घेतात. आणि मुद्दाम, द्वेषानं कुणाच्या धर्माचा अपमान करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 299, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पुढं ढकललेला मेसेज ढकलणाऱ्याच्या पण अंगाशी येऊ शकतो.

एक जागा अशी आहे जिथं मी गप्प बसत नाही. सौंदत्तीला यल्लम्माकडं आमच्या घरची पण माणसं जातात, उदो उदो मी पण म्हणतो, पण देवीच्या नावानं एखाद्या पोरीच्या गळ्यात मुत्तू, म्हंजे देवीला सोडल्याची मण्यांची माळ, बांधणार असतील तर तो श्रद्धेचा वाद नव्हेच. देवदासी सोडायला आपल्या राज्यात 1982 सालीच कायदा करून बंदी घातलेली आहे, आणि पोर लहान असेल तर चर्चा करत बसायचं नाही, 1098 ला फोन लावायचा. मात्र दारात जग (टोपलीतली देवी) डोक्यावर घेऊन आलेल्या, देवीला सोडलेल्या म्हाताऱ्या जोगतिणीला त्यावरून ऐकवायचं नाही. तिच्या गळ्यात ते तिला विचारून कुणी बांधलेलं नव्हतं. तिला पाणी द्या, बसा म्हणा.

राहिलं चूक कबूल करणं. ते लवकर करावं आणि ज्याच्यापुढं चूक केली त्याच माणसापुढं करावं, मित्राजवळ निरोप देऊन नाही. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ह्यात 'असेल तर' हा चोर आहे, तो काढायचा. मी दोन दिवसांनी पाव किलो कुंदा घेऊन शहापूरला गेलो. काका तिथंच, तोच पेपर. मी वाटेत पाठ केलेलं म्हणालो, काका, नन्न तप्पायत्री. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले 'नन्न' नव्हे, 'नंदु' म्हण, आणि आत बघून कुंद्याला बशी मागवली. मग पेपरची घडी घालून बाजूला ठेवली आणि मराठीत म्हणाले, "हां, आता सांग. परवा कुठपर्यंत आलेलास?"