बापू छत्र्यांवर टिपण लिहायचे तर आधी हातातली प्रत ओळखा

सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे (१७८८–१८३०) यांच्या नावावर प्रामुख्याने तीन पुस्तके सांगितली जातात: ‘इसापनीति’ आणि ‘बाळमित्र’ १८२८ची, ‘वेताळपंचविशी’ १८३०ची. तिन्ही भाषांतरे. एवढे कुठेही मिळते. बहुतेक टिपणे घसरतात ती पुढे. हाती लागलेली प्रत चाळीस-पन्नास वर्षांनंतरची असते, आणि तिच्यातली भाषा, विरामचिन्हे, प्रस्तावना सगळे छत्र्यांच्या खात्यावर जमा होते. म्हणून लेखकाबद्दल एक ओळही लिहिण्यापूर्वी प्रतीचा काळ ठरवा.

सुरुवात नावापासून. ग्रंथालयाच्या सूचीत नुसते ‘छत्रे’ शोधले की केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे (१८२५–१८८४) समोर येतात. त्यांनीही शाळांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली, त्यामुळे घोटाळा सहज होतो. बापू गेले तेव्हा केरूनाना पाच वर्षांचे होते, हे लक्षात ठेवले की पुरे. ‘काशीनाथ’, ‘काशिनाथ’ आणि ‘बापू’ या तिन्ही रूपांनी शोधा. रोमन लिपीतल्या जुन्या सूच्यांत तर छत्रे आडनाव कोणत्या रूपात बसले असेल याचा नेम नाही. तिथे पुस्तकाच्या नावाने जा. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (पहिला भाग १८०० ते १९३७) आधी पाहा. मग मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटीत विचारा. विचारताना ‘दोलामुद्रिते’ (छपाईच्या आरंभकाळातली पुस्तके) हा शब्द वापरा, म्हणजे तुम्हाला नेहमीच्या कपाटाकडे पाठवणार नाहीत.

मुखपृष्ठ शाबूत असेल तर प्रकाशकाचे नाव सालापेक्षा जास्त बोलते. १८२२ साली मुंबईत शालेय पुस्तके काढणारी नेटिव स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते आणि छत्रे नेटिव सेक्रेटरी. १८२७ मध्ये ती बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी झाली, १८४० मध्ये तिची जागा बोर्ड ऑफ एज्युकेशनने घेतली आणि १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते आले. प्रतीवर बोर्डाचे नाव असेल तर ती छत्र्यांच्या हयातीतली असूच शकत नाही, मग कुणी पेन्सिलीने वर १८२८ लिहून ठेवलेले का असेना. (पेन्सिलीच्या नोंदींवर भरवसा ठेवू नका. त्या बहुधा पहिल्या आवृत्तीचे साल दुसऱ्या सूचीतून उतरवून घेतलेल्या असतात.)

साल शकात असेल तर सरसकट ७८ मिळवू नका. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. शके १७५० म्हणजे १८२८–२९. महिना दिलेला नसेल तर दोन्ही साले लिहा. पौष सर्वांत फसवा, कारण तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत विभागला जातो. तिथे तिथीही लागते.

मुखपृष्ठच नसेल तर पानाकडे वळा. एका पानावरचे दहा-बारा ‘अ’ किंवा ‘ळ’ भिंगाखाली शेजारी-शेजारी ताडून पाहा. प्रत्येकाचे वळण जरा जरा वेगळे, कुठे काना लांब, कुठे गाठ सैल, असे असेल तर ती शिळाछाप: लेखनिकाच्या हातचे अक्षर दगडावरून उमटलेले. सगळे हुबेहूब एकसारखे आणि पानाच्या मागच्या बाजूला तिरप्या उजेडात बारीक उठाव दिसत असेल, तर खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छापलेले. एवढ्यावरून साल मात्र ठरवू नका. शिळाछाप पुढे कित्येक दशके चालू होती.

विरामचिन्हे अधिक उपयोगी. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मध्ये आली, आणि त्यानंतर शालेय पुस्तकांत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्हे नियमाने दिसू लागली. छत्र्यांच्या गोष्टीत चिन्हांची रेलचेल दिसली तर मधे संपादकाचा हात फिरला आहे, असे धरून चाला. ‘केलें’, ‘घरांत’ यांवरचे अनुस्वार काळ सांगायला कुचकामी, कारण १९६२च्या शुद्धलेखन-नियमांपर्यंत ते सर्रास छापले जात. उलट, अनुस्वार नसतील तर तुमच्या हातात आधुनिक पुनर्मुद्रण आहे.

प्रत ठरली की मगच भाषांतराकडे या. ‘बाळमित्र’चे मूळ आर्नो बर्कें यांचे फ्रेंच, ते १७८२–८३ मध्ये महिन्या-महिन्याने निघाले, आणि छत्र्यांनी मराठी केले ते इंग्रजीवरून. मराठी गोष्ट थेट फ्रेंचशी ताडली की इंग्रजी भाषांतरकाराने गाळलेले किंवा घातलेले सगळे छत्र्यांच्या माथी येते. एकच गोष्ट घ्या आणि तीन रकान्यांत मांडा: फ्रेंच, इंग्रजी, मराठी. माणसांची नावे, नाती, खाणे, कपडे, नाणी आणि शेवटचे वाक्य एवढेच टिपा. छत्र्यांचे म्हणण्याजोगे तेवढेच, जे फक्त तिसऱ्या रकान्यात बदलले आहे.

‘पहिले’ हे विशेषण जपून वापरा. इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या त्या छत्र्यांच्या ‘इसापनीति’आधीच, १८०६ साली तंजावरात, सरफोजी राजांच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने. मुंबईच्या शाळांपुरते बोलायचे असेल तर तसे स्पष्ट लिहा.

चरित्राचा भाग छोटाच होईल, त्याला इलाज नाही. पण एक धागा सोडू नका: बाळशास्त्री जांभेकर मुंबईला आले तेव्हा इंग्रजी शिकले ते छत्र्यांकडे, आणि पुढे त्यांच्याच पदावर नेमले गेले. हे सोसायटीच्या कामाच्या परिच्छेदात घाला. शेवटी ‘शिष्यपरंपरा’ म्हणून वेगळे लटकवले की त्याचा पुस्तकांशी असलेला संबंध तुटतो.