समुद्राच्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि घनता कशी मोजावी

समुद्राचे पाणी खारट आहे हे सांगायला जीभ पुरते. पण ते किती खारट आहे, किती जड आहे, आणि शेजारच्या पाण्याखाली बुडेल की त्यावर तरंगेल, हे मोजल्याशिवाय कळत नाही. तापमान, क्षारता आणि घनता या तीन आकड्यांवर सागरविज्ञानाचा मोठा भाग उभा आहे. घरच्या साधनांनीही ते बऱ्यापैकी अचूक काढता येतात. एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून मनात पक्की धरा: तापमान न नोंदता घेतलेला घनतेचा आकडा निरुपयोगी असतो.

क्षारता म्हणजे १ किलो समुद्राच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ग्रॅममध्ये. खुल्या महासागरात ती साधारण ३५ असते. बाल्टिक समुद्राच्या मोठ्या भागात पृष्ठभागावर ती ७-८ इतकी कमी आहे, तर तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात ४० च्या आसपास. त्या ३५ ग्रॅममध्ये सुमारे १९.४ ग्रॅम क्लोराइड, १०.८ ग्रॅम सोडियम, २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम व पोटॅशियम असते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडले. एकूण क्षार कमीजास्त झाले तरी या मुख्य घटकांचे आपसातले प्रमाण जवळजवळ तेच राहते, असे त्यांना आढळले. आपली पुढची सगळी पद्धत याच गोष्टीवर टेकलेली आहे. प्रमाण ठरलेले असल्यामुळे प्रत्येक क्षार वेगळा मोजावा लागत नाही, नुसत्या घनतेवरून क्षारता काढता येते.

काय लागेल

७५० मिली ते १ लिटरची, अरुंद तोंडाची काचेची बाटली. तिचे तोंड पूर्ण झाकेल अशी काचेची छोटी सपाट पट्टी. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि किमान २ किलो तोलणारा वजनकाटा. अर्ध्या अंशापर्यंत वाचता येणारा थर्मामीटर. डिस्टिल्ड वॉटर, दोरी बांधलेली बादली, घट्ट झाकणाच्या बाटल्या आणि कॉफी गाळायचे फिल्टर पेपर.

पायरी १: नमुना घ्या

किनाऱ्यावरच्या डबक्यातले पाणी घेऊ नका. उन्हाने ते आटलेले असते, नाहीतर पावसाने पातळ झालेले असते. धक्क्यावरून किंवा होडीतून बादली सोडा. पाण्यात उतरायचेच असेल तर लाटा फुटत नाहीत अशा जागी उतरा, आणि एकट्याने उतरू नका. बादली आणि बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. आधीच्या साध्या पाण्याचे चार थेंब आत राहिले तरी आकडा खाली जातो.

बाटली पालथी धरून ३० ते ५० सेंटिमीटर खोल न्या, तिथे सरळ करून भरू द्या आणि काठोकाठ भरल्यावर पाण्याखालीच झाकण लावा. ठिकाण, तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि आधीच्या दिवसांत पाऊस झाला का, एवढे लगेच लिहून ठेवा. झाकण सैल राहिले तर पाणी उडून जाते. १ टक्का पाणी उडाले की ३५ ची क्षारता सुमारे ३५.३५ होते.

पायरी २: तापमान तिथल्या तिथे घ्या

तापमान घरी येऊन मोजता येत नाही. पाणी वर काढताच बादली सावलीत ठेवा, थर्मामीटर हलका ढवळत एक-दोन मिनिटे थांबा आणि फुगा पाण्यातच असताना, डोळा रेषेच्या पातळीवर आणून वाचा. थर्मामीटर बाहेर काढून वाचला की ओला फुगा वाऱ्याने गार होतो. जुन्या काळी जहाजांवर कॅनव्हासच्या बादल्यांनी समुद्राचे तापमान घेत, आणि त्या बादल्या बाष्पीभवनाने पाणी गार करत. त्या जुन्या नोंदी वापरताना आजही ही चूक दुरुस्त करून घ्यावी लागते.

थर्मामीटरची परीक्षा सोपी आहे. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ बारीक कुटा, त्यात थोडे तेच पाणी घाला आणि थर्मामीटर त्यात पाच मिनिटे ठेवा. तो ० दाखवायला हवा. ०.५ दाखवत असेल तर निदान थंड बाजूच्या मोजणीतून तेवढे वजा करा.

पायरी ३: बाटलीने घनतेचे गुणोत्तर काढा

ही पद्धत शांतपणे करायची आहे, कारण चुकांना इथेच सर्वात जास्त वाव आहे. एकाच बाटलीत, एकाच तापमानाला आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मग समुद्राचे पाणी तोलायचे. दोन्ही वजनांचे गुणोत्तर आपल्याला हवे आहे. वजनकाटा प्रत्येक वजन त्याच प्रमाणात थोडे जास्त किंवा कमी दाखवत असेल तर ती चूक गुणोत्तरात कटून जाते. साधा काटा या कामाला चालतो तो यामुळेच.

नमुना फिल्टर पेपरातून झाकून गाळा, म्हणजे वाळू आणि शेवाळ निघून जाईल. मग समुद्राचे आणि डिस्टिल्ड, दोन्ही पाणी एकाच खोलीत रात्रभर ठेवा. सकाळी दोन्हींचे तापमान मोजा. ते सारखे असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोरडी बाटली पट्टीसह तोला. बाटली डिस्टिल्ड वॉटरने काठावर फुगवटा येईपर्यंत भरा आणि काचेची पट्टी एका बाजूने सरकवत तोंडावर बसवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडेल आणि खाली बुडबुडा उरणार नाही. बाहेरची बाजू पुसून तोला. मग बाटली रिकामी करून समुद्राच्या पाण्याने दोनदा विसळा, तशीच भरा आणि पुन्हा तोला.

समजा खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअस आहे. रिकामी बाटली पट्टीसह ४१२.६ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर भरून ११६२.९, समुद्राचे पाणी भरून ११८२.२. म्हणजे डिस्टिल्ड वॉटर ७५०.३ ग्रॅम आणि समुद्राचे पाणी ७६९.६ ग्रॅम. भागाकार १.०२५७२. त्यातून १ वजा करून उरलेल्या ०.०२५७२ ला २५ अंशांसाठी १३२५ ने गुणा. क्षारता आली ३४.१. खोली १५ अंशांवर असेल तर १३०० ने, २० वर १३१५ ने आणि ३० वर १३३५ ने गुणा. नेहमीच्या समुद्राच्या पाण्यासाठी हे गुणक पुरेसे बरोबर उतरतात.

घनता हवी असेल तर गुणोत्तराला त्या तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या घनतेने गुणा. एका घनमीटरमागे ती १५ अंशांना ९९९.१ किलो, २० ला ९९८.२, २५ ला ९९७.० आणि ३० ला ९९५.६ किलो असते. वरच्या नमुन्याची घनता २५ अंशांना सुमारे १०२२.७ येते.

आता चुका कुठे होतात ते पाहू. पट्टीखाली १ मिलीचा बुडबुडा राहिला तर क्षारता १.८ ने कमी दिसते. पट्टी न वापरता मानेवरच्या खुणेपर्यंत भरले आणि मान १८ मिलिमीटर रुंद असेल, तर पातळीत १ मिलिमीटरचा फरक म्हणजे पाव मिली पाणी, आणि क्षारतेत जवळपास अर्ध्याचा फरक. सर्वात मोठा घोटाळा तापमानाचा. डिस्टिल्ड वॉटर २५ अंशांवर आणि समुद्राचे पाणी उन्हात राहून ३० वर असेल, तर ३५ क्षारतेचे पाणी ३२.८ चे वाटते. काटा ०.१ ग्रॅमने चुकला तर मात्र फरक जेमतेम ०.२ चा. म्हणून महागड्या काट्यामागे धावण्याआधी तापमान सांभाळा. तीनदा मोजा. तिन्ही उत्तरे अर्ध्याच्या आत नसतील तर बुडबुडा शोधा.

हायड्रोमीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि टीडीएस मीटर

हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी, वापरणार असाल तर तो कोणत्या तापमानासाठी आखलेला आहे ते दांडीवर छापलेले असते, ते आधी वाचा. ३५ क्षारतेचे पाणी घनमीटरमागे १५ अंशांना १०२६.० किलो आणि २५ अंशांना १०२३.३ किलो भरते. १५ अंशांचा हायड्रोमीटर २५ अंशांच्या पाण्यात सोडून आकडा तसाच घेतला, तर क्षारता सुमारे साडेतीनने कमी समजाल. काचेला चिकटून वर चढलेल्या कडेवर वाचू नका, पाण्याच्या सपाट पातळीवर वाचा. हायड्रोमीटर सोडण्यापूर्वी हलका फिरवा, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतील.

रिफ्रॅक्टोमीटर पाणी प्रकाश किती वाकवते त्यावरून क्षारता दाखवतो. तो डिस्टिल्ड वॉटरवर शून्याला लावला की काम झाले असे समजू नका. बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, आणि समुद्राचे पाणी म्हणजे नुसते मीठ नव्हे. पडताळणीसाठी शुद्ध, कोरडे सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर ९६३.५ ग्रॅम असे १ किलो द्रावण करा. ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतकाच प्रकाश हे द्रावण वाकवते, म्हणून यंत्राने ते ३५ दाखवायला हवे.

पिण्याच्या पाण्याचा टीडीएस मीटर इथे कामाचा नाही. त्याची मर्यादा समुद्राच्या पाण्याला फार कमी पडते.

पाणी आटवून मीठ तोलले तर?

सर्वांना आधी हेच सुचते, आणि इथेच फसायला होते. पाणी आटू लागले की आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग साधे मीठ खाली बसते. शेवटी मॅग्नेशियमचे कडू, चिकट पाणी उरते आणि ते सहजी कोरडे होत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड पाण्याचे रेणू धरून ठेवते. ते सोडवायला जास्त तापवले तर पाण्याबरोबर हायड्रोजन क्लोराइडही उडून जातो. कमी तापवा, पाणी राहते, वजन जास्त येते. जास्त तापवा, क्षारच जातात, वजन कमी येते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी अनेक दशके सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजून त्यावरून क्षारता काढली. आता ती विद्युतवाहकतेवरून काढतात, आणि १९७८ च्या मापश्रेणीनुसार तिला एकक लावत नाहीत. जहाजावरून खोल सोडले जाणारे सीटीडी हे उपकरण वाहकता, तापमान आणि दाब एकाच वेळी नोंदवते. ‘आर्गो’ या जगभरच्या समुद्र-मोजणी उपक्रमाचे तरंगते यंत्र साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटरपासून वर येताना हेच करते.

पायरी ४: जड पाणी कुठे जाते ते डोळ्यांनी पाहा

मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावताना दोन प्रमाणे लक्षात असू द्या. क्षारता १ ने वाढली की घनमीटरमागे सुमारे ०.७६ किलो वजन वाढते. तापमानाचा परिणाम मात्र एकसारखा नसतो. २५ अंशांच्या पाण्यात १ अंश वाढला तर सुमारे ०.३ किलो कमी होतात, पण ० अंशाजवळ फक्त ०.०५ च्या आसपास. त्यामुळे उष्ण समुद्रात कोण वर आणि कोण खाली हे बहुतेकदा तापमान ठरवते, तर ध्रुवांजवळ ते मिठाच्या हाती असते. गोडे पाणी ४ अंशांना सर्वात जड असते. समुद्राचे पाणी, क्षारता २४.७ च्या वर असेल तर, गोठेपर्यंत जड होतच जाते, आणि ३५ क्षारतेला ते –१.९ अंशांवर गोठते.

उंच काचेच्या बरणीत फ्रिजमधले साधे पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि दहा मिनिटे स्थिर होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात ५० अंशांच्या आसपासचे २५० मिली पाणी घ्या, त्यात दीड ग्रॅम मीठ आणि खाद्यरंगाचे थेंब घालून ढवळा. थंड पाण्यावर स्पंजचा पातळ तुकडा तरंगत ठेवा आणि रंगीत पाणी चमच्याने त्यावर हळूहळू सोडा. वर दोन-तीन सेंटिमीटरचा थर झाला की थांबा. बरणीमागे पांढरा कागद लावा.

काही मिनिटांत रंगीत थराच्या तळातून बारीक उभे धागे खाली उतरू लागतात. वरचे पाणी खारट असले तरी गरम असल्यामुळे हलके होते. उष्णता मिठापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने पसरते, म्हणून खाली झुकलेल्या भागाची उष्णता शेजारच्या पाण्यात जाते आणि मीठ तिथेच राहते. तो भाग जड होऊन बुडतो. या धाग्यांना ‘सॉल्ट फिंगर’ म्हणतात. भूमध्य समुद्रातून अटलांटिकमध्ये उतरून सुमारे १००० मीटर खोलीवर पसरणाऱ्या उबदार, खारट पाण्याखालीही हेच घडते.

रंग एकदम ढगासारखा बुडाला तर पाणी पुरेसे गरम नव्हते, मीठ जास्त पडले किंवा ओतण्याची घाई झाली. मीठ दीडऐवजी ९ ग्रॅम घालून मुद्दाम पुन्हा करा. पाणी गरम असूनही तळाशी जाते.

पायरी ५: आलेख काढा

एकाच खाडीच्या मुखाशी ओहोटीपासून भरतीपर्यंत दर तासाला नमुना घ्या. आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्या अक्षावर तापमान ठेवून प्रत्येक नमुन्याचा ठिपका मांडा. हा आलेख नॉर्वेचे सागरवैज्ञानिक ब्यॉर्न हेलँड-हॅन्सेन यांनी १९१६ मध्ये वापरात आणला. दोनच पाण्यांचे मिश्रण होत असेल तर ठिपके सरळ रेषेत बसतात आणि रेषेवरच्या जागेवरून प्रमाण कळते. नदीची क्षारता ० आणि समुद्राची ३५ असेल, तर २१ चा ठिपका म्हणजे ६० टक्के समुद्र आणि ४० टक्के नदी. एखादा ठिपका रेषेपासून दूर पडला तर आधी त्या नमुन्याचे तापमान आणि झाकण तपासा. दोन्ही ठीक असतील आणि शेजारचे ठिपकेही त्याच बाजूला वळत असतील, तर उथळ पाणी उन्हाने तापले आहे किंवा तिसरीकडून कुठूनतरी पाणी येऊन मिसळते आहे. पुढच्या ओहोटीला नमुने आणखी वरच्या अंगाला घ्या.