पुस्तक थंडीचे, कंद पावसाचा: कंदवर्गीय फुलझाडांचे वर्ष कसे आखावे

दापोलीच्या काकू आणि मी गेली बरीच वर्षे आठवड्यातून एकदा फोनवर बोलतो, आणि एप्रिल उजाडला की ख्यालीखुशालीच्याही आधी त्यांचा प्रश्न येतो, "वळीव पडला का गं तुमच्याकडे?" बाहेरच्या माणसाला ही हवापाण्याची चौकशी वाटेल, प्रत्यक्षात माझ्या फुटबॉल लिलीने डोके वर काढले का, एवढेच त्यांना हवे असते. दोघींकडचे कांदे एकाच गड्ड्यातून फोडलेले आहेत, तरी माझ्या पुण्यातल्या गच्चीवरचे आणि त्यांच्या अंगणातले एका दिवशी कधीच उठत नाहीत. कंद तारीख पाहत नाही, ऊब आणि ओल पाहतो. म्हणून कंदफुलांचे वर्ष आखताना लावणीचे महिने पाठ करण्यापेक्षा प्रत्येक कंदाची झोप केव्हा आणि जाग केव्हा, हे आधी ठरवावे. ते कसे ठरवावे आणि त्याप्रमाणे पाणी, कुंडी व साठवण कशी सांभाळावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

हातातला कंद ओळखावा

रोपवाटिकेत सरसकट सगळ्याला कंद म्हणतात, पण लावण्याची रीत प्रत्येकाची वेगळी असते. फुटबॉल लिली, हिपिअ‍ॅस्ट्रम आणि रेन लिली हे खरे कांदे. चिरले तर स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखे पापुद्रे निघतात. ग्लॅडिओलसचा गड्डा चपटा आणि आतून सुरणासारखा भरीव असतो. तो दर वर्षी सुकून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा गड्डा बसतो. कळलावीचा कंद नांगरासारखा दुबेळका असतो, आणि त्याच्या टोकाशी असलेला कोंब मोडला तर तो कंद बहुधा वाया जातो, म्हणून तो दोन्ही हातांनी उचलावा आणि मातीत आडवा ठेवावा. सोनटक्का आणि कर्दळ यांचे हळदीसारखे आडवे खोड असते. त्यांना सक्तीची झोप लागत नाही, ओल मात्र लागते.

'कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावा' हा पुस्तकी नियम ग्लॅडिओलसला चालतो, पण हिपिअ‍ॅस्ट्रमला मारक ठरतो. त्याची मान आणि खांद्याचा भाग मातीबाहेर राहिला पाहिजे, नाहीतर पावसाचे पाणी मानेत साचून कांदा आतून सडतो. फुटबॉल लिलीची मान मातीच्या पातळीला ठेवावी. निशिगंध सुमारे ५ सेंटिमीटर खोल लावावा, आणि लावण्यासाठी २ ते ३ सेंटिमीटर व्यासाचे कांदे निवडावेत. त्याहून बारीक कांदे पहिल्या वर्षी नुसती पात देतात.

झोप केव्हाची आहे ते ठरवावे

ही पायरी नीट झाली तर बाकीच्या चुका कंद बहुतेक वेळा पोटात घालतो. प्रत्येक कंदाविषयी एकच विचारावे: ह्याच्या मूळ गावी पाऊस कोणत्या ऋतूत पडतो?

काहींचे उत्तर आपल्यासारखेच असते. फुटबॉल लिली आफ्रिकेतली, भुईचाफा आणि कळलावी आपल्याकडच्या. ह्या तिन्ही पावसावर वाढतात आणि कोरड्या दिवसांत झोपतात. फुटबॉल लिली तर मे महिन्याच्या आगेमागे पानांआधी फुलाचा लाल चेंडूच वर पाठवते. ह्यांची पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जावे आणि डिसेंबरपासून जवळजवळ थांबवावे. नवशिके इथेच चुकतात. रिकामी दिसणारी कुंडी पाहून त्यांना दया येते, आणि ते रोज तांब्याभर पाणी ओतून झोपलेला कंद कुजवतात.

दुसऱ्या गटाचे घड्याळ आपल्या उलट चालते. फ्रीजिया दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला, नार्सिससच्या बऱ्याच जाती भूमध्य समुद्राभोवतालच्या. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणून हे कंद थंडीत वाढतात आणि उन्हाळ्यात झोपतात. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये लावले तर पुणे, नाशिक किंवा पाचगणीच्या हिवाळ्यात फ्रीजिया चांगला फुलतो, आणि मग सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असताना जून येतो. त्याच्या गावी त्या महिन्यांत माती कोरडीठाक असते, आपल्याकडे चिखल. उघड्यावर राहिलेला कांदा ऑगस्टपर्यंत हाताला शेंबडासारखा लागतो. असे कंद मे संपण्याच्या आत जमिनीबाहेर आलेच पाहिजेत, किंवा कुंडी आडवी करून पत्र्याखाली सरकवली पाहिजे.

तिसरा गट खरी थंडी मागणाऱ्यांचा. ट्यूलिपला फुलण्याआधी साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान लागते. श्रीनगरला ते जमिनीतच मिळते, आणि २००७ मध्ये सुरू झालेली तिथली ट्यूलिपबाग त्याच थंडीवर उभी आहे. महाराष्ट्रात ही हौस फ्रिजमध्ये भागवावी लागते. तेव्हा कांदे कागदी पिशवीत ठेवावेत आणि त्या कप्प्यात सफरचंद, केळी असली फळे मुळीच ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कांद्यातली कळी आतल्या आत मरते. एवढे करून फूल एकदाच मिळते, पुढल्या वर्षी त्या कांद्यात दम उरत नाही. मी हा खटाटोप सोडून दिला आहे.

निशिगंध, हिपिअ‍ॅस्ट्रम आणि रेन लिली मात्र समजूतदार आहेत. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. एप्रिल-मे महिन्यांत लावला की तीन महिन्यांच्या आसपास दांडे येऊ लागतात. हिपिअ‍ॅस्ट्रमचे पाणी दिवाळीनंतर दीड-दोन महिने आखडते घेतले तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तो फुलतो. रेन लिलीची गंमत वेगळीच आहे. काही दिवस कडक कोरडे गेल्यावर भरपूर भिजली, की थोड्याच दिवसांत कळ्या वर येतात. कुंडी तीन आठवडे कोरडी ठेवून एकदम चिंब केली तर नळाच्या पाण्यावरही ती फसते, पण दर वेळी नाही.

पाऊस अंदाजाने नव्हे, मापाने पाहावा

"काल खूप पडला" ह्या वाक्याचा बागेला उपयोग नाही. सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवावा आणि सकाळी आत पट्टी बुडवून मिलिमीटर लिहावेत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजेच ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत १०० मिलिमीटर पावसाने सुमारे सात लिटर पाणी उतरते. कोकणात असा दिवस दर मोसमात येतो. पुण्यात तो क्वचित येतो, पण गच्चीवरच्या कुंडीचे भोक बुजलेले असेल तर एकच दिवस पुरतो. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून जिथे आले, त्या पुण्यातल्या 'सिमला ऑफिस'पासून मी फार लांब राहत नाही, तरी माझ्या गच्चीचा पाऊस आणि त्यांचा आकडा पुष्कळदा जुळत नाही. आपला डबा आपणच मांडावा.

कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे. ताजे शेण कंदाला कधीही लागू देऊ नये. तळाला खापऱ्या घालाव्यात आणि कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे पाणी खालून मोकळे निघते.

पाने हिरवी आहेत तोवर कात्री बाजूला ठेवावी

फूल सुकले की दांडा कापावा, पाने कापू नयेत, त्यांची वेणीही घालू नये. पुढल्या वर्षीचे फूल ह्याच पानांच्या कमाईवर कांद्याच्या पोटात तयार होते. पावसाळ्यात पानांवर काळ्या रंगाच्या, पांढरे आणि लालसर ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर त्या लिलीच्या पतंगाच्या अळ्या समजाव्यात. दोन-तीन रात्रींत त्या अख्खा गड्डा बोडका करतात आणि पुष्कळदा मानेतून आत शिरतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हाच माझ्या मते खात्रीचा इलाज आहे. थोड्या असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब घालून फवारावे.

साठवण कांद्याच्या चाळीसारखी करावी

ह्या बाबतीत परदेशी पुस्तकापेक्षा नाशिककडचा कांदा उत्पादक चांगला गुरू आहे. रब्बी कांद्याच्या निम्म्याहून अधिक माना पडल्या की तो काढणी करतो, पातीसकट काही दिवस सुकवतो, दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापतो, सावलीत पुन्हा वाळवतो आणि मगच चाळीत भरतो. चाळीला खालून आणि बाजूंनी हवा मिळेल अशी फटींची रचना असते. फ्रीजियासाठी आणि काढून ठेवलेल्या निशिगंधासाठी नेमके हेच करावे. माती धुऊ नये, वाळल्यावर झटकावी. मऊ लागलेला कांदा वेगळा काढावा. उरलेले जाळीच्या पिशवीत सैल भरून, पावसाची झड येणार नाही पण वारा लागेल अशा जागी टांगावेत. पहिल्याच वर्षी मी हे कांदे प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवले होते. गणपतीत डबा उघडला तेव्हा निम्म्यांवर हिरवी बुरशी होती, आणि उरलेल्यांनी अंधारातच फिकट कोंब काढले होते.

टांगलेल्या पिशवीवर ठळक चिठ्ठी लावावी आणि ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवावी. फुटबॉल लिली, हिपिअ‍ॅस्ट्रम आणि नार्सिसस यांचे कांदे खायच्या कांद्यासारखे दिसतात, पण ते विषारी आहेत. कळलावीचा कंद तर जिवावर बेततो.

पुस्तक वाचताना महिना खोडावा, कारण ठेवावे

कंदांवरची उत्तम पुस्तके बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली आहेत, आणि ती वाचू नयेत असे मी म्हणणार नाही. काकूंच्या कपाटात अशी दोन जुनी पुस्तके आहेत. त्यांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आहे, "इथे मृगानंतर", "आपल्याकडे नको", "हस्ताचा पाऊस गेल्यावर". हीच पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. 'पहिल्या हिमतुषारापूर्वी ग्लॅडिओलस काढून घ्या' असे वाचले की कारण शोधावे: तिथे जमीन गोठते. आपल्याकडे मैदानी भागात ती गोठत नाही. इथे तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावून थंडीत फुलवावा, आणि पाने वाळल्यावर काढावा तो पुढच्या पावसापासून वाचवण्यासाठी. 'पूर्ण ऊन' असे लिहिले असेल तर ते तिकडच्या सौम्य उन्हाळ्याचे ऊन आहे, पुण्या-नागपूरच्या मे महिन्यातल्या गच्चीचे नाही. अमेरिकन पुस्तकांतले झोनचे आकडे वर्षातल्या सर्वांत थंड तापमानाच्या सरासरीवर बेतलेले असतात. कंदाला ओली झोप सोसते का, हे त्यांतून कळत नाही.

नावांचा घोळ आणखी निराळा. ज्याला आपण अ‍ॅमॅरिलिस म्हणतो तो बहुधा दक्षिण अमेरिकेतला हिपिअ‍ॅस्ट्रम असतो. खरा अ‍ॅमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेतला, त्याची रीत वेगळी. पुस्तकातले प्रकरण भलत्याच झाडाचे वाचले तर सूचना कितीही काटेकोर पाळून उपयोग नाही. म्हणून वनस्पतिशास्त्रीय नाव जुळल्याशिवाय पुढचे पान उलटू नये.

वही ठेवावी आणि कंद नावानिशी द्यावेत

वहीत चार रकाने पुरेत: लावल्याची तारीख, पहिला कोंब, पहिले फूल आणि त्याआधीच्या पंधरवड्याचा पाऊस. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की पुस्तकाच्या समासात काय लिहायचे ते आपोआप कळते. दुसऱ्या बागकामकर्त्याशी बोलताना "तुमचे का फुलले, माझे का नाही" असे विचारून हाती काही लागत नाही. शेवटचे पाणी केव्हा दिले, कुंडी कुठे होती, मान वर होती की खाली, असे विचारावे.

रानातले कंद मात्र देवाणघेवाणीत आणू नयेत. सह्याद्रीच्या सड्यांवरची दीपकाडी असो वा रानातली कळलावी, ती जिथे आहे तिथेच पाहावी. लागवडीसाठी रोपवाटिकेतले किंवा कुणाच्या बागेत वाढलेले कंदच घ्यावेत. दुसऱ्याला पाठवताना दोन दिवस सावलीत सुकवलेला, टणक कांदा वर्तमानपत्रात गुंडाळून भोके पाडलेल्या खोक्यात घालावा आणि कांद्यावरच पेनाने नाव लिहावे, कारण चिठ्ठी वाटेत हमखास पडते. काकूंचे खोके मला रोहिणी संपण्याच्या आत मिळते. एकदा ते आठ दिवस उशिरा, भर मृगात, भिजून आले आणि सातांपैकी दोनच कांदे उभे राहिले, तेव्हापासून त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात, "आत जीव आहे, कोरडे ठेवा."