बोटीने ग्रीसची बेटं: आधी लाइन ठरवा, मग बेटं

माझं माहेर उरणचं. आता नेरूळहून थेट उरण लोकल सुटते, पण माझ्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच. ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच अडकायची, म्हणून आई आदल्या रात्रीच भरतीची वेळ विचारून घ्यायची आणि मग डबा किती वाजता भरायचा ते ठरवायची. २०२४च्या सप्टेंबरात मी आणि माझ्या जाऊबाई तेरा दिवस ग्रीसच्या बेटांवर फिरलो, तेव्हा आईची हीच सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडली. सोसायटीतल्या दोघी-तिघी पुढच्या वर्षी निघायचं म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, बेटांची यादी करत बसू नका. आधी जहाजाची लाइन, म्हणजे मार्ग, बघा. नकाशावर ऐरोली आणि मुलुंड खाडीच्या दोन काठांना समोरासमोर आहेत, पण लोकलने जायचं तर ठाण्याहून वळसा पडतोच. तिथेही तसंच. दोन बेटं शेजारी दिसली म्हणून त्यांच्यात रोज जहाज असेल असं नाही. कॉर्फू बेट तर देशाच्या पार पश्चिमेला आहे, तिथे इगुमेनित्सा बंदरातून जावं लागतं. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सिक्लाडीज बेटांकडे जाणारी पिरेअस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी ही लाइन नवख्या माणसाला सगळ्यात सोपी. मोठी जहाजं त्याच क्रमाने थांबत जातात. या लाइनवरची दोन, फार तर तीन बेटं घ्या. प्रत्येक बेट बदलताना तिकिटाचे पैसे जातात आणि वर अर्धा दिवस जातो. आम्ही आधी सहा बेटं लिहिली होती. तीन खोडली तिथेच खर्च आवाक्यात आला.

जहाजं दोन तऱ्हेची. साधी मोठी जहाजं, ज्यांच्या पोटात ट्रक आणि गाड्या जातात, ती पिरेअसहून नॅक्सोसला पाच-साडेपाच तास घेतात आणि सँटोरिनीला आठेक तास. जलद जहाजं वेळ वाचवतात, पण तिकीट बरेचदा दीडपट ते दुप्पट असतं, आणि बहुतेकांवर मोकळ्या डेकवर बसायला फारशी जागा नसते. मी साध्या जहाजाच्याच बाजूची आहे. डेकचं तिकीट काढलं की वरच्या बाकांवर वाऱ्यात बसा किंवा आत कॅफेटेरियात, कुणी हटकत नाही. नॅक्सोसपर्यंत आम्हाला माणशी ४० ते ५० युरोंच्या दरम्यान पडलं. नंबरची सीट घ्यायची गरज नाही, फक्त तासभर आधी पोहोचा.

विमानतळावरून पिरेअसला मेट्रोची ३ नंबरची निळी लाइन थेट जाते, विमानतळाचं तिकीट ९ युरो. रात्री-बेरात्री उतरलात तर एक्स ९६ नंबरची बस चोवीस तास चालते आणि स्वस्तही पडते. बंदर मात्र अवाढव्य आहे. गेटना ई १, ई २ असे नंबर आहेत आणि काही गेटमध्ये बॅग ओढत वीस-पंचवीस मिनिटांची चाल पडते. सिक्लाडीजची बरीच जहाजं ई ६, ई ७ कडून सुटतात, तरी आपल्या तिकिटावरचं गेट आदल्या दिवशी पुन्हा बघा. सकाळचं जहाज साडेसातच्या सुमारास असतं, म्हणून आदली रात्र पिरेअसमध्येच काढा.

चढल्यावर खालीच सामानाचे रॅक असतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या रॅकवरच बॅग ठेवा, कारण उतरायला मिळतात जेमतेम पाच-दहा मिनिटं. घोषणा झाली की सगळे जिन्याने खाली गाड्यांच्या मजल्यावर येतात. तिथे डिझेलचा वास, ट्रकची इंजिनं चालू, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात कुत्रं. जहाज धक्क्याला शेपटीकडून लागतं. अजून ते पुरतं थांबलेलंही नसतं, तेवढ्यात साखळ्या खडखडायला लागतात, मागची लोखंडी फळी खाली जायला लागते आणि त्या अंधारात वरून उजेडाची एक पट्टी उतरते. पट्टी रुंद होत जाते आणि तिच्यात आधी आकाश दिसतं, मग पांढरी घरं, मग धक्क्यावर उभी माणसं. जाऊबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. तो क्षण मी अजून विसरलेली नाही.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, सप्टेंबरातही तो अधूनमधून येतो. आपल्याला वादळ म्हटलं की काळं आभाळ आणि पाऊस आठवतो. तिथे आभाळ स्वच्छ निळं, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र खवळलेला. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापाने साधारण ८ च्या पुढे मोठी जहाजंही बंदरातून सोडत नाहीत, लहान आणि जलद जहाजं त्याच्या आधीच थांबवतात. आम्ही सँटोरिनीहून परतताना हौसेने जलद जहाज घेतलं होतं. सकाळी मेसेज आला, रद्द. अशा वेळी पैसे परत घ्यायचे किंवा दुसऱ्या जहाजाचं तिकीट, हा पर्याय प्रवाशाला मिळतो. आम्ही दुपारचं साधं जहाज घेतलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास पिरेअसला लागलो. विमान परवाचं होतं म्हणून निभावलं. शेवटच्या बेटावरून निघणं आणि विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवाच, हे मी हात जोडून सांगते.

बोट लागत असेल तर जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा. आमच्याकडे आलेपाकाच्या वड्या होत्या.

नॅक्सोसला चार रात्री राहा. तिथे जमीन सुपीक आहे, बटाटे आणि चीज तिथलंच, म्हणून खाणं स्वस्त. घरगुती खोल्यांना दोमातिया म्हणतात, बऱ्याच ठिकाणी छोटं स्वयंपाकघर असतं. बंदरापाशीच अपोलोच्या अपुऱ्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली. संध्याकाळी तिथे बसायला तिकीट नाही. तिथूनच एक्सप्रेस स्कोपेलिटिस नावाचं छोटं जहाज इराक्लिया, स्किनुसा, कुफोनिसिया अशा चिमुकल्या बेटांना थांबत अमोर्गोसला जातं. आम्ही कुफोनिसियाला उतरलो तेव्हा आमच्याबरोबर अंड्यांचे ट्रे, एक गादी आणि औषधांचं खोकं उतरलं. धक्क्यावरची एक आजी ते खोकं घ्यायलाच आली होती. मला थेट मोऱ्याची जेटी आठवली.

सँटोरिनीला दोनच रात्री, आणि त्याही इया या गावात नाही. पेरिसा किंवा कार्तेरादोसला खोली घ्या. सगळ्या बस ‘फिरा’ या मुख्य गावाला येतात. फिरा ते इया ही ज्वालामुखीच्या कड्यावरची दहाएक किलोमीटरची वाट पायी चाला, एक पैसा लागत नाही.

शाकाहाऱ्यांनी एक शब्द पाठ करावा, निस्तीसिमो, म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, अंडं, दूध नसतं. पण त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते, तेव्हा तेवढं वेगळं विचारा. भात भरलेले टोमॅटो म्हणजे गेमिस्ता, मोठ्या पांढऱ्या वालांसारखे गिगांतेस, सँटोरिनीची पिवळ्या डाळीची फावा, हे आपल्या जिभेला चटकन रुचतं. सकाळी बेकरीतली पालक भरलेली खारी पेस्ट्री घ्या. घरून लसणाची चटणी, खाकरा, चिवडा न्या. तुपातले लाडू आणि पेढे मात्र नको, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे.

ग्रीसला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, आणि प्रवासाचा वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. तिकिटांवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा.

आणि तो राखून ठेवलेला दिवस वाऱ्याने खाल्ला नाही, तर पिरेअसच्या ई ८ गेटवरून एगिना बेटावर जा. साध्या जहाजाने सव्वा तास, १०-१२ युरो. बसने अफायाचं देऊळ बघून या आणि परतीच्या जहाजाआधी धक्क्यावरच्या टपरीवरून पिस्ते घ्या. ते तिथेच पिकतात. आम्ही अर्धा किलो घेतले होते, नेरूळला पोहोचेपर्यंत मूठभर उरले.