गुन्हेगारीशास्त्र शिकायला घेताय? या चुका टाळा

पहिल्या प्रकल्पासाठी मुंबईतल्या मुलांना हमखास सुचणारा विषय म्हणजे दादर स्टेशनवरची मोबाईलचोरी. विषय चांगला आहे, गडबड पुढे होते. शहर पोलिसांचा आकडा उचलायचा, दोन वर्षं शेजारी मांडायची आणि 'चोऱ्या घटल्या' असं लिहून मोकळं व्हायचं. पण तो आकडा चोऱ्यांचा नसतो, चोरीच्या नोंदींचा असतो. हे पक्कं झालं नाही, तर पुढचं शिकणं पोकळच राहतं.

दादरचंच बघा. फलाटावर किंवा डब्यात फोन मारला, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे. स्टेशनबाहेर फुलबाजारात मारला, तर मुंबई पोलिसांकडे. दोन्ही आयुक्तालयं वेगळी. तिसऱ्या प्रवाशाला खिसा रिकामा असल्याचं थेट घाटकोपरला उतरल्यावर कळतं. नवं सिम हवं असतं, ऑफिसला उशीर झालेला असतो, म्हणून तो फोन 'गहाळ' झाल्याची नोंद करून सुटतो. एफआयआर होतच नाही. फोन तीन गेले, शहर पोलिसांच्या चोरीच्या आकड्यात एकच आला.

त्यात कायदा बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला. आधी अशी प्रकरणं चोरी किंवा जबरी चोरीच्या कलमांत जायची. त्यामुळे २०२३ आणि २०२५ चे चोरीचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय एका एफआयआरमध्ये खून आणि चोरी दोन्ही असले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला गंभीर गुन्हा, म्हणजे खूनच मोजतो.

गुन्ह्याचा दर म्हणजे लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. या विभागाच्या महानगरांच्या तक्त्यात मुंबईची लोकसंख्या १८४.१ लाख दिसते. ती २०११ च्या जनगणनेतली, ठाणे-कल्याण धरून संपूर्ण नागरी समूहाची आहे. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १२४.४ लाख होती. १,००० गुन्ह्यांना पहिल्या संख्येने भागलं की दर ५.४ येतो, दुसऱ्या संख्येने भागलं की ८. गुन्हे तेवढेच! तळटीप वाचायचा कंटाळा करणाऱ्याने या विषयात आकड्यांना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहीत प्रत्येक आकड्यापुढे चार रकाने आखा: नोंद कुणी केली, कुठल्या कलमाखाली, कुठल्या काळातली, भागायला लोकसंख्या कुठली. एक जरी रकाना रिकामा राहिला, तर तो आकडा वापरायचा नाही.

दुसरी चूक जास्त घातक आहे. इटालियन डॉक्टर लोंब्रोसोने १८७६ मध्ये मांडलेला 'जन्मजात गुन्हेगार' मुलांना फार आवडतो, कारण जबडा आणि कान पाहून माणूस ओळखायचा म्हटलं की अभ्यास सोपा वाटतो. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या तुरुंगांचा डॉक्टर गोरिंगने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापं तपासली, तेव्हा असा वेगळा शारीरिक नमुना सापडला नाही. हे दुसरं पान न वाचताच पुष्कळजण पुढे सरकतात. आपल्याकडे तर जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ पासून होता. पारधी, कैकाडी अशा जमातींनी तो भोगला. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी 'अमुक लोक चोरच' हे वाक्य आजही प्रकल्पांत सापडतं. दिसलं की खोडा, आणि त्या लोकांच्या वस्तीत अटक कोणाला होते, जामिनाचे पैसे कोणाकडे नसतात, ते शोधा.

बाकीच्या चुका थोडक्यात. रक्ताचे डाग आणि बोटांचे ठसे तपासणं हे न्यायसहायक विज्ञानाचं काम, ते गुन्हेगारीशास्त्र नव्हे. दोषसिद्धीचा दर त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर काढतात, नोंदलेल्या गुन्ह्यांवर नाही. आणि वेब सिरीज बघून गुन्हेगाराचं मन उलगडायला बसू नका. मुंबईतल्या किल्ला कोर्टात जा. बहुतेक खटले खुले चालतात, बलात्काराचे आणि पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे, मात्र बंद दाराआड. मोबाईल बंद करून सकाळी मागच्या बाकावर बसा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत किती प्रकरणांना नुसती पुढची तारीख मिळते, ते मोजा.