टोमॅटो हाताबाहेर गेलाय? आधी बांधा, मग कापा

दोन आठवडे पाऊस होता म्हणा, दुसऱ्या कामात अडकलो म्हणा, प्लॉटकडे बघायला जमलं नाही आणि आता जाऊन बघतो तर टोमॅटोचं जंगल झालंय, फांद्या सरीत लोळतायत, कुठलं झाड कुठं संपतं तेच कळत नाही. अशा वेळी पहिला विचार येतो कात्री घेऊन घुसायचा. तेवढं मात्र करू नका. लोळलेलं झाड एकमेकाच्या आधारानंच उभं असतं, तुम्ही मधली एक फांदी कापली की बाकीच्या धाडकन खाली येतात आणि सोबत हिरव्या फळांचे घोस पण.

म्हणून आधी आधार. बांबू ६-७ फुटी घ्या आणि दीड-दोन फूट जमिनीत जाऊ द्या, वरवर खोचलेला बांबू फळांचं वजन आणि वारा एकत्र आला की ओळीच्या ओळ घेऊन आडवा होतो. झाड मोठं झाल्यावर बांबू खोडाला चिकटून ठोकू नका, मुळं तुटतात, वीतभर लांब ठोका. ८-१० फुटांवर एक बांबू पुरतो, ओळीच्या दोन्ही टोकांचे खांब जाड हवेत आणि बाहेरच्या बाजूला ताण दिलेले हवेत, कारण बांबूंना धरून ओळभर आडव्या ओढायच्या तारेचा सगळा ओढा त्यांच्यावरच येतो. पहिली तार जमिनीपासून फूट-दीड फुटावर, पुढच्या साधारण फुटाफुटाच्या अंतरानं. तार नसेल तर सुतळी ओळीच्या दोन्ही बाजूंनी ओढून झाडं मधे धरली तरी चालतं.

आता फांद्या उचलायच्या. हे काम सकाळी सकाळी करू नका, तेव्हा खोडात पाणी भरलेलं असतं आणि ते काकडीसारखं कट्कन मोडतं. दुपार उलटल्यावर झाड थोडं मलूल असतं, तेव्हा वाकतं, आणि आदल्या दिवशी पाणी दिलेलं नसेल तर अजून बरं. फांदी टोकाला धरून ओढायची नाही, खालून हात घालून उचलायची, आणि आडवी होऊन बरेच दिवस झालेली फांदी एका दिवसात सरळ होत नाही, तिला आज अर्धी उचला, तीन-चार दिवसांनी उरलेली. मी एकदा घाईत एका संध्याकाळी सगळी ओळ उभी केली, सकाळी मोजल्या तर नऊ फांद्या मोडलेल्या. अर्धवट मोडलेली फांदी मात्र लगेच फेकू नका, जोड जुळवून चिकटपट्टी गुंडाळा आणि वरून आधार द्या, टोमॅटो चिवट असतो, बऱ्याचदा सांधतो.

गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एक वेटोळं बांबूला किंवा तारेला आणि एक खोडाला, खोडाभोवती बोट जाईल एवढी जागा सोडून, कारण खोड अजून जाड होणारे. घोसाच्या लगेच खाली बांधू नका, फळ भरलं की देठ दोरीवर येऊन कापतो. पानाच्या पेराखाली बांधा.

एवढं झालं की मग कात्री. पण त्याआधी वाण कुठलं ते बघा, कारण ठराविक उंचीला वाढ थांबणाऱ्या झुडपी वाणाची बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारी फूट) काढली तर माल पण गेला, त्यांना फक्त पहिल्या घोसाखालची साफसफाई पुरते. सतत वाढणाऱ्या वाणात मुख्य खोड आणि पहिल्या फुलाच्या घोसाखालची एक जोमदार फूट ठेवा, बाकीच्या हळूहळू काढा. हळूहळू म्हणजे एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त हिरवळ जाऊ द्यायची नाही. सगळं एकदम मोकळं केलं की सावलीत वाढलेल्या हिरव्या फळांवर थेट ऊन पडतं आणि पांढरट चट्टे येतात, तो माल कोण घेणार? खालची फूटभर पानं मात्र काढाच, मातीला टेकलेल्या पानावरूनच करपा रोग वर चढतो आणि पावसाचे शिंतोडे त्याला मदत करतात.

छाटणी कोरड्या, उघडीप असलेल्या दिवशी. झाडं ओली असताना आत शिरूच नका, हातानं आणि कपड्यानं रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तंबाखू मळणाऱ्यांनी साबणानं हात धुऊनच झाडाला हात लावा, ही चेष्टा नाही, मोझॅक रोगाचा विषाणू तंबाखूतून हातावर येऊ शकतो. पानं आखडलेलं, चितकबरं झाड दिसलं तर त्याला सगळ्यात शेवटी हात लावा, नाहीतर उपटून टाका.

काढलेल्या जाड, निरोगी बगलफुटी ओल्या मातीत खोचल्या तर आठ-दहा दिवसांत मुळं धरतात, ओळीत गॅप असतील तर तिथं कामाला येतील. हंगाम संपायला महिनाभर उरला की शेंडा खुडा, त्यानंतरच्या फुलांची फळं पिकायला वेळच राहत नाही. आणि एकदा उभं केलं म्हणून परत पंधरा दिवस पाठ फिरवू नका, आठवड्याला एक चक्कर, खिशात सुतळी.