पीआरला पहिला रिव्ह्यू किती वेळात मिळतो? मोजताना या चुका टाळा

पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) रिव्ह्यूसाठी, म्हणजे दुसऱ्याने तपासण्यासाठी, तयार झाल्यापासून, तो लिहिणारा सोडून दुसऱ्या कुणा माणसाने त्यावर पहिल्यांदा मत देईपर्यंतचा वेळ, एवढंच मोजायचं असतं. तरी आकडा चुकतोच, आणि कारणंही दर वेळी तीच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बॉटची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची, कमेंट रिव्ह्यू म्हणून मोजणं. पुण्यात आमच्या एका टीमच्या डॅशबोर्डवर मीडियन (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) तीन मिनिटं दिसत होता. सगळे खूश. त्याच गुरुवारी स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, एक नवी मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "माझा पीआर सोमवारपासून पडून आहे." मी तो उघडला. सोमवारी ११:०२ ला टाकलेला, ११:०४ ला लिंटरच्या (कोडमधल्या बारीक चुका दाखवणाऱ्या) बॉटची कमेंट, ११:२० ला तिचंच त्यावर उत्तर. पुढे काहीच नाही. आमच्या स्क्रिप्टने मात्र 'दोन मिनिटं' लिहून टाकलं होतं.

बॉट गाळायला बसलो, तर अर्धेच गळले. गिटहब (जिथे आमचा कोड आणि पीआर असतात) स्क्रिप्टला ज्यातून माहिती देतं त्या एपीआयमध्ये अ‍ॅपचं खातं 'बॉट' म्हणून येतं, पण आमचं सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) साध्या यूजरचं टोकन, म्हणजे त्याच्या खात्याची किल्ली, वापरत होतं, म्हणून ते माणसातच मोजलं जायचं. शिवाय लेखकाने कोडच्या ओळीखाली दिलेलं उत्तरही रिव्ह्यूच्या यादीत 'कमेंटेड' म्हणून येतं. तेव्हापासून गाळायच्या खात्यांची यादी मी हाताने ठेवतो, लेखकाचं नाव आधी काढतो आणि दर महिन्याला दहा पीआर स्वतः उघडून वेळा ताडून बघतो. नवख्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना प्लगइन टाकून लगेच आलेख हवा असतो. त्या घाईतूनच ते तीन मिनिटं आले होते.

ड्राफ्ट, म्हणजे अजून कच्चा अशी खूण असलेल्या, पीआरचं घड्याळ तो उघडल्यापासून लावू नका. ड्राफ्टची खूण काढली तरी उघडल्याची वेळ बदलत नाही, पीआरच्या टाइमलाइनमधली 'रेडी फॉर रिव्ह्यू'ची नोंद शोधावी लागते.

सरासरी नको, मीडियन आणि नव्वदावा पर्सेंटाइल (नव्वद टक्के पीआर ज्या वेळेच्या आत बसतात तो आकडा) बघा.

शुक्रवारी संध्याकाळी ६ ला टाकलेला पीआर सोमवारी सकाळी १० ला बघितला, तर कॅलेंडरने ६४ तास होतात. यात कुणाचाही आळस नाही. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेतही उत्तराची कमाल मर्यादा एक 'कामाचा' दिवस आहे. कामाचे तास लावण्याआधी यूटीसीत (गिटहबच्या वेळा ज्यात येतात ती जागतिक प्रमाणवेळ) साडेपाच तास मिळवा, हे विसरणारे मी दर वर्षी बघतो.

आणि ज्यांना अजून रिव्ह्यूच मिळालेला नाही, ते पीआर कृपा करून गाळू नका. बहुतेक स्क्रिप्ट ते गुपचूप सोडून देतात, म्हणजे सगळ्यात जास्त ताटकळलेलेच हिशोबातून जातात. मी त्यांचं आजपर्यंतचं वय 'किमान एवढं' म्हणून धरतो. निम्म्याहून कमी पीआर असे असतील आणि ते सगळे मीडियनपेक्षा जुने असतील, तर मीडियन तरीही नीट निघतो. त्या मुलीचा पीआर अशा यादीत सोमवारी संध्याकाळीच दिसला असता.